मदत हवी आहे: जुन्या खिडक्यांसाठी पितळी बिजागरं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याला आमचं जुनं घर आहे, खिडक्या फणसाच्या लाकडाच्या, लाकूड अजून ठणठणीत आहे पण बिजागरं खाऱ्या वाऱ्याने पार गेलीत, पिना गंजून झिजल्यात आणि दोन झडपा तर दोरीने बांधून ठेवल्यात. पावसाच्या आधी बसवून घ्यायची आहेत.

मला अडीच इंची, जाड पत्र्याची, भरीव पितळेची बिजागरं हवीत, स्क्रूसुद्धा पितळेचेच, कारण पितळी बिजागराला लोखंडी स्क्रू लावला की खाऱ्या दमट हवेत आधी तो स्क्रूच खाल्ला जातो. कुडाळ, सावंतवाडीच्या दुकानांत पितळी म्हणून दाखवतात त्याला लोहचुंबक चिकटतो, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. स्टेनलेस घ्यायचं तर समुद्राकाठी ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड जास्त टिकतं, पण त्यात ही साईज मिळत नाहीये.

रत्नागिरी, मालवण, कोल्हापूर कुठेही चालेल, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे नग देतात का? आणि जुन्याच बिजागरांना नवीन पिन घालून देणारा कोणी कारागीर असेल तर आधी तेच करेन, आजोबांच्या वेळची आहेत, टाकायला जीव होत नाही. माहिती असेल तर नक्की सांगा.