गरोदरपणात शुगर निघालेल्यांनी (आणि "गूळ चालतोय की" ऐकलेल्यांनी) लिहा

सोमवारपेठकर
काल कागलकडून येताना गाडीची काच खाली होती आणि गुऱ्हाळाचा वास आला. नवरा म्हणाला थांबूया काय, काकवी घेऊ, आणि माझ्या तोंडात एकदम ग्लुकोजच्या पाण्याची चव आली. आठ वर्षं झाली त्याला! सव्विसावा आठवडा होता, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं, अर्ध्या तासात उलटी झाली तर उद्या परत या म्हणे. दोन तासांनी रक्त घेतलं, १४० च्या आत पाहिजे, माझी १६३. आईला आणि दोन्ही मामांना शुगर आहे म्हणून मॅडमनी पहिल्याच व्हिजिटला पण टेस्ट केलेली, ती नॉर्मल आलेली त्यामुळं मी निवांत होते. घरी आले तर सासूबाई म्हणतात, "साखर बंद कर, गूळ खा, आपल्या रानातला हाय." ऐन डोहाळजेवणाच्या आठवड्यात! रात्री गुळाचा खडा चोरून खाल्ला आणि ग्लुकोमीटरनं लगेच चुगली केली. तुमचं काय झालं?

भाकरतुकडा
गुळाचं सेम टू सेम. आमच्यात तर मध पण चालतोय म्हणत होते 😂 सगळं रक्तात जाऊन साखरच होतंय ते.

दोन_पोरांची_आई
मला पहिल्यात नव्हती, दुसऱ्यात निघाली. दोन आठवडे डाएट केलं, तीन भाकरीवरून दीडवर आले, भात एक वाटी, आधी कोशिंबीर मग बाकीचं, जेवल्यावर रंकाळ्यावर चालायला. तरी जेवल्यानंतर दोन तासांची १२० च्या खाली येईना म्हणून गोळ्या, मग इन्सुलिन. जाऊबाई म्हणाल्या एकदा सुई लागली की जन्माची लागते. काही नाही, डिलिव्हरी झाली त्याच दिवशी बंद केलं. पोटाला टोचताना बाळाला लागेल म्हणून मी किती रडले होते, आता हसू येतं, ती सुई केवढीशी असते.

रस्सावाला
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बायकोला आता सातवा चालू आहे, परवाच १५१ आली. तांबडा पांढरा बंद करायचा काय?

भाकरतुकडा
दादा रस्सा नाही ओ, रश्श्याबरोबर जो भाताचा डोंगर खाता तो बंद करा. मटण खाऊ दे की तिला. आणि तुम्ही पण तिच्याबरोबर दीडच भाकरी खावा, समोर बसून जिलबी खाऊ नका.

रस्सावाला
कबूल 🙏

शिरोळची_लेक
मला वर्षभर वाटत होतं पेढे खाल्ले म्हणून झालं. नणंद नर्स आहे, तिनं समजावलं की वारेतून जी हार्मोन्स येतात ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, सगळ्यांचंच थोडंफार होतं, काहींचं शरीर तेवढं जास्तीचं इन्सुलिन बनवू शकत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढं मनाला लावून घेतलं नसतं. बाळ ३ किलो ९०० झालं, सासरे दवाखान्यातच म्हणाले "पैलवान आला, तालमीत नाव घाला"! आणि त्या पैलवानाच्या टाचेतून दर थोड्या वेळानं रक्त काढत होते. पोटात असताना आईची जास्तीची साखर मिळत असते म्हणून बाळाचं इन्सुलिन पण जास्त, नाळ कापली की साखर बंद पण इन्सुलिन चालूच, मग त्याची शुगर एकदम खाली जाते. म्हणून लगेच पाजायला दिलं. टाचा बघवत नव्हत्या.

नुसती_वाचते
पहिल्यांदाच लिहिते. डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी परत ग्लुकोज पिऊन टेस्ट करायला सांगितली होती. मी माहेरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळ रात्रभर जागं, कोण जातंय. बाळाच्या लसी एक चुकली नाही. चार वर्षांनी डोळ्यापुढं अंधुक यायला लागलं म्हणून तपासलं तर उपाशीपोटी २१०. आता रोज गोळ्या.

दोन_पोरांची_आई
अगं बाई. काळजी घे गं. आता कंट्रोलमध्ये आहे ना?

नुसती_वाचते
हो आता बरी आहे.

सोमवारपेठकर
हे वाचून दोनदा फोन खाली ठेवला. ती सहा आठवड्यांची टेस्ट मी पण केली नव्हती, आणि नंतरही कधीच नाही, आठ वर्षांत एकदाही. बाळाचं वजन विचारायला सगळे आले, माझं कुणी विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही. उद्या सकाळी लॅबला जाते.

शिरोळची_लेक
ताई मी पण येते, खरंच. मला फोन करा.

रस्सावाला
बायकोच्या फाईलवर पेननं मोठं लिहून ठेवलं, सहा आठवडे.

गडहिंग्लजकर
काकवी घेतलीसा का शेवटी? दर काय चाललाय यंदा?

सोमवारपेठकर
घेतली की! नवऱ्याच्या ऑफिसात ठेवायला लावली आहे.