गॅस गिझरचं पाणी कढत येतंय, मिक्सरवर विसण घातलं की आणखीच कढत

केळीवाला_फैजपूर

राम राम मंडळी. पोरगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाहेर वैशाखाचं ऊन असलं तरी बाळंतिणीला आणि बाळाला ऊन पाणीच पाहिजे, त्यात आमच्या आईपुढे कोणाचं चालत नाही. वीज कधी जाईल याचा नेम नाही म्हणून सहा लिटरचा गॅस गिझर लावलेला आहे. थंडीभर झक्कास चालला. होळी झाली आणि याचं डोकं फिरलं.

गॅसचं बटण अगदी कमीवर ठेवलं तरी पाण्याखाली हात धरवत नाही. शॉवरच्या मिक्सरवरून (गरम-थंड पाण्याच्या जोडनळावरून) थंड पाणी सोडलं की थोडा वेळ बरं येतं, मग एकदम चटका, आणि लगेच गिझर टप्पकन बंद. परवा पोरीच्या दंडावर लाल चट्टा उठला. वर आतून कुरकुर-खदखद असा आवाज येतो. पाणी बोअरचं, टाकी काळी, स्लॅबवरच ठेवलेली. इथला मेकॅनिक म्हणतो, गिझर गेला, नवीन घ्या. खरंच गेला का हो?

धुळेकर_भो

रेग्युलेटर बदलून पाहा भो. गॅसचं प्रेशर जास्त येत असेल.

जुना_मिस्त्री_भुसावळ

रेग्युलेटरला उगाच बदनाम करू नका. त्याच रेग्युलेटरवर शेगडी जोडून बघा. ज्योत निळी आणि नेहमीएवढी असेल तर तो बिचारा निर्दोष.

दादा, तुमचा गिझर गेलेला नाही. त्याला पाणी पुरत नाही, एवढंच.

सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. पाणी किती गरम आत आलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही; तो आपला २५ चढवणार. थंडीत टाकीतलं पाणी २२ असेल तर नळाला ४७ येतं, त्यात विसण घालून आंघोळ मजेत. आता आपल्याकडच्या उन्हात काळी टाकी स्लॅबवर दिवसभर तापते. संध्याकाळी आतलं पाणीच ३६-३७ धरा. त्यात २५ मिळवा, झाले साठाच्या वर. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते. लेकराची त्याच्याही आधी.

हे झालं पूर्ण धार असताना. धार निम्मी झाली की तीच आच निम्म्या पाण्याला लागते, म्हणजे २५ च्या जागी ५०. आणि तुमची धार निम्मी झालेलीच आहे, तो खदखद आवाज त्याचाच. बोअरच्या पाण्याचा क्षार तांब्याच्या नळीत आतून बसला, वाट अरुंद झाली, पाणी जागेवरच उकळायला लागलं.

आता मिक्सरचं ऐका, कारण खरी मेख तिथे आहे. विसण घालायला तुम्ही मिक्सर थंडाकडे फिरवता. शॉवरमधून निघणारं पाणी तेवढंच, पण त्यात थंड घुसलं की गिझरमधून येणारं कमी होतं. कमी पाणी म्हणजे जास्त गरम. म्हणून तुम्ही आणखी थंड सोडता, आत आणखी कमी पाणी. शेवटी गिझरच्या आतल्या रबरी पडद्याला दाब पुरेना की तो गॅस तोडतो. हेच तुमचं टप्पकन बंद. मग माणूस गरम वाढवतो, गिझर पुन्हा पेटतो आणि चटका बसतो.

करायचं काय? आजपासून शॉवर आणि मिक्सर बंद. गरम नळ पूर्ण सोडायचा, पाणी बादलीत घ्यायचं, विसण बादलीतच घालायचं. बाळाच्या टपात आधी गार, मग ऊन पाणी, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय बाळ टपाजवळही आणायचं नाही. गिझरवर उन्हाळा-हिवाळ्याचं बटण असेल तर उन्हाळ्याकडे करा, त्याने बर्नरच्या काही ओळी बंद होतात. गॅसचं बटण वेगळं आणि हे वेगळं, बरेच जण एकच समजतात.

मग पाण्याचा कॉक बंद करून, पाणी आत येतं तिथला नट खोला. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती काढून ब्रशने घासा. शॉवरची चाळणीही. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

केळीवाला_फैजपूर

मिस्त्रीकाका, डोक्यात उजेड पडला. क्षाराचं म्हणाल तर केळीच्या ठिबकच्या नळ्यांना आम्ही अ‍ॅसिड ट्रीटमेंट देतोच. तेच गिझरमध्ये फिरवू का? कॅन घरात पडलाय.

जुना_मिस्त्री_भुसावळ

अजिबात नाही! ठिबकची नळी प्लास्टिकची, ही तांब्याची, वर झाळकाम केलेली. तुमचं ते कडक अ‍ॅसिड क्षाराबरोबर नळीही खाईल. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून छोट्या पंपाने नळीतून फिरवतात, नंतर साध्या पाण्याने भरपूर धुतात. हे स्वतः करू नका, नवीन घ्या न म्हणणारा मेकॅनिक शोधा. त्याच वेळी रबरी पडदाही बघायला सांगा, कडक झाला असेल तर बदलायचा. स्वस्तातली वस्तू आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. गिझर कुठे लावलाय?

केळीवाला_फैजपूर

न्हाणीघरातच. वर झरोका आहे, पण बाळाला वारा लागू नये म्हणून आईने त्यात गोणपाट कोंबलंय.

जुना_मिस्त्री_भुसावळ

ते गोणपाट हे वाचून होण्याआधी काढा. आणि गिझर बाहेर जाईपर्यंत दार लावून आत कोणी आंघोळ करू नका. बंद खोलीत गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बसल्या जागी बेशुद्ध होतो. आणि तुमच्या न्हाणीत बाळंतीण शेक-मालिश करून बराच वेळ बसणार. कढत पाण्याचा चटका निदान कळतो तरी.

यावलची_लेक

मी सध्या इंग्लंडमध्ये असते. इथे घरोघरी कॉम्बी बॉयलर, नळाचं पाणी आणि खोल्या तापवायचं काम एकाच पेटीत. आमच्याकडेही हाच प्रकार झाला होता, पण कारण वेगळं निघालं. त्यात नळाच्या पाण्याचं तापमान पॅनेलवर ठरवता येतं आणि आच आपोआप कमी-जास्त होते. तेव्हा पाणी कढत आलं की आधी तो आकडा बघतात, मग तापमान मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतोय का ते. धार फार बारीक ठेवली तर मात्र तिथेही तेच, कारण आच एका मर्यादेखाली उतरू शकत नाही. आणि आतल्या प्लेटांवर क्षार बसला तर कधी चटका, कधी कोमट असा खेळ चालतो. उघडायला मात्र ‘गॅस सेफ’ या इथल्या गॅस कारागिरांच्या यादीत नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

जुना_मिस्त्री_भुसावळ

ताई, आपल्या गिझरला तेवढी अक्कल असती तर आमचं पोट कशावर भरलं असतं? बाकी तुमचं बरोबर आहे.

केळीवाला_फैजपूर

गोणपाट तेव्हाच काढलं, आईशी वाजलं, पण काढलं. जाळी खोलली तर पांढऱ्या खवल्यांनी गच्च, पाण्याला जायला सुईएवढी वाट. घासून लावल्यावर धार चांगली वाढली, आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. पाणी अजून गरमच, पण आता बादलीत विसण घातलं की ठीक होतं. सावद्याचा एक मेकॅनिक लिंबूसत्त्वाने धुऊन द्यायला तयार आहे, तोच गिझर मागच्या पडवीत हलवणार. पडवी पश्चिमेला उघडी आहे. वाऱ्याने ज्योत विझली तर?

जुना_मिस्त्री_भुसावळ

ज्योत विझली तर गॅस आपोआप तुटला पाहिजे, ती सोय आहे का ते मेकॅनिककडून समोर उभं राहून तपासून घ्या. पश्चिमेकडून पत्र्याचा आडोसा करा, वरून आणि खालून मोकळा. पावसाचे शिंतोडे येणार नाहीत एवढं बघा. आणि टाकीवर केळीची वाळलेली पानं टाका, तुमच्याकडे तोटा नाही. आतलं पाणी जरा तरी कमी तापेल.