‘रिव्हर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, हिंजवडीत आमच्या टीममध्ये नवी पोरं आलीत. त्यांच्यासाठी सर्व्हर सांभाळण्याचं टिपण मराठीत लिहितोय. सर्व्हर सगळे लांबचे. एसएसएचनं (नेटवरून सुरक्षितपणे शिरायची सोय) आत शिरायचं, कॉन्फिगच्या म्हणजे सेटिंगच्या फायली गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर). बोलताना अडत नाही: ‘पुश मार’, ‘पुल घे’, ‘सर्व्हर बसलाय’. लिहिताना मात्र रिव्हर्ट आणि रिसेटपाशी गाडी अडली. दोन्हींना ‘पूर्ववत करणे’च सुचतं. फरक कसा दाखवू?

———

माझे वडील लक्ष्मी रोडवरच्या एका पेढीत कीर्द लिहायचे, शाईनं. चुकलं तर खाडाखोड चालायची नाही. तेवढ्याच रकमेची उलट नोंद घालायची. चूकही दिसते, दुरुस्तीही. गिट रिव्हर्ट हेच करतं: जुना कमिट जागेवर राहतो आणि त्याला रद्द करणारा नवा कमिट पुढे लागतो. तेव्हा कमिट म्हणजे नोंद, रिव्हर्ट म्हणजे उलट नोंद. रिसेट हार्ड म्हणजे कीर्दीची पानं फाडणं. लिनस तोरवाल्डसनं 2005 मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी. तिथे ज्याच्या-त्याच्याकडे वहीची अख्खी प्रत असते. तुम्ही तुमची पानं फाडलीत तरी दुसऱ्याकडे ती आहेतच, मग बसा मेळ घालत.

———

नोंद पटली. ‘फाडणं’ जरा जास्त होतंय. रिसेटनं सुटलेले कमिट रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिट आपल्या हालचाली टिपून ठेवतं त्या यादीत सापडतात, नेहमीच्या सेटिंगला 30 दिवस तरी. रद्दीवाला येईपर्यंत पानं घरातच असतात म्हणा. कमिटच न केलेले बदल मात्र गेले ते गेले.

आणि एक विनंती: टिपणात एसएसएचच्या ‘पब्लिक की’ला ‘सार्वजनिक किल्ली’ लिहू नका. किल्ल्या कोणी गावभर वाटतं का? सर्व्हरवर टाकतो ते कुलूप. किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, आपल्या लॅपटॉपवरच राहते. आमच्याकडे ‘की पाठव’ म्हटल्यावर एका पोरानं प्रायव्हेट की मेल केली होती! शिवाय नुसतं ‘की’ लिहाल तर ‘की टाकली की कळव’ अशी वाक्यं होतात.

———

कुलूप घेतो, उलट नोंदही. आता शेवटचा शब्द द्या. गेल्या महिन्यात फायरवॉलच्या (सर्व्हरच्या पहारेकऱ्याच्या) नियमात मी पोर्ट 22, म्हणजे सर्व्हरचं एक दार, बंद करून बसलो. एसएसएच त्याच पोर्टवर. उलट नोंद कोथरूडला घरी लॅपटॉपवर तयार, पण सर्व्हरवर न्यायची कुठून? रात्री एक वाजता होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलमधून (एसएसएचविना ब्राउझरमधून शिरायची वाट) शिरलो. ह्या प्रकाराला काय म्हणायचं? ‘कोंडून घेणं’ बसत नाही, मी तर बाहेर होतो.

———

दूध घ्यायला बाहेर आलात, वाऱ्यानं दार आपटलं, किल्ली आत. काय म्हणता तेव्हा शेजाऱ्यांना?

———

लॅच लागलं!