नहाणीचं पाणी तुंबतंय, मशीन सोडलं की फेस वर येतो

पहिला_मजला_विश्रामबाग:
सांगलीत विश्रामबागला पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. अंघोळीचं पाणी नहाणीवर (फरशीतल्या जाळीच्या भोकावर) पंधरा-वीस मिनिटं रेंगाळतं. वॉशिंग मशीनचा पाइप त्याच लाइनला जोडलाय, त्यामुळे मशीन पाणी टाकायला लागलं की नहाणीतून फेस वर येतो. कमोडला त्रास नाही, खालच्या मजल्यावर सगळं ठीक. पाणी बोअरचं. काल रात्री दोन मुठी कॉस्टिक सोडा टाकला, फरक शून्य. आता अ‍ॅसिड ओतू का? की फरशी फोडावी लागेल?

मिस्त्री_मिरज:
अ‍ॅसिड अजिबात नको! आत कॉस्टिक साचलेलं आहे. त्यावर अ‍ॅसिड पडलं की एकदम उष्णता होऊन पाणी तोंडावर उसळतं. ब्लीचिंग पावडरही अ‍ॅसिडजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

तुंबलंय कुठे, ते तुम्हीच सांगितलंत. मशीनचं पाणी नहाणीतून वर येतं, म्हणजे दोन्ही पाइप एकत्र होतात त्याच्या पुढे अडथळा आहे. खालच्यांचं पाणी जातंय, म्हणजे उभी लाइन बहुतेक मोकळी. उरला मधला आडवा ७५ मिमीचा पाइप, नहाणीपासून डक्टपर्यंतचा (डक्ट म्हणजे उभे पाइप जातात ती मोकळी जागा). फरशी फोडायचं कारण नाही.

रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. साचलेलं पाणी प्लास्टिकच्या मगाने काढा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, कॉस्टिक ते खातं. जाळी उचला, हाताला लागेल तेवढं गुंतवळ ओढून काढा. मग ५ मीटरची ड्रेन स्प्रिंग (पाइप साफ करायची हँडलवाली लवचीक तार) आत सोडा. हँडल एकाच दिशेने फिरवायचं, उलटं फिरवलं की गुंडाळलेले केस सुटतात. अडलं की जोर लावून ढकलू नका. तिथेच आठ-दहा वेढे द्या आणि हळू मागे ओढा. ढकललेला गोळा पुढच्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, जाऊन बसतो, तिथून काढणं दुप्पट काम.

नहाणीकडून स्प्रिंग वळत नसेल तर डक्टमध्ये पाइपाला डोअर बेंड (साफसफाईसाठी झाकण असलेलं वळण) आहे का बघा. झाकण खोलताना खाली बादली ठेवा आणि बाजूला उभे राहा, अडलेलं पाणी एकदम येतं आणि त्यात तुमचं कॉस्टिक असणार. प्लंबर बोलावलात तर सोडा टाकल्याचं त्याला आधी सांगा, एरवी त्याचा हात भाजेल.

वारणाकाठ:
मिस्त्रींशी सहमत. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस कमी आणि चिकट पांढरा साका जास्त. तो साका केसांना धरतो आणि गोळा घट्ट होतो. कॉस्टिक केस आणि तेल विरघळवतं, क्षाराचा थर नाही. अ‍ॅसिडने क्षार जातो, पण केस तसेच राहतात. म्हणून एकट्या रसायनावर भरवसा ठेवू नये. शिवाय कोरडं कॉस्टिक थेट ओल्या नहाणीत टाकलं की त्याचेच दगडासारखे खडे होतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर तर एकमेकांना निकामी करतात, फेस दिसतो तेवढाच.

पाइप मोकळा झाला की कोमट पाण्याच्या दोन-तीन बादल्या एका दमात ओता. उकळतं नको, पीव्हीसी मऊ पडून सांधे सुटतात.

रबरी पंप वापरायचा तर मशीनच्या पाइपाचं तोंड ओल्या कापडाने गच्च बंद करा. नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. पण कॉस्टिक पूर्ण निघाल्याशिवाय पंप मारू नका, शिंतोडे उडतात.

पहिला_मजला_विश्रामबाग:
जाळी उचलली. मूठभर केस निघाले. पण खाली उपडी वाटी असते म्हणतात, ती इथे नाहीच. कधीकधी झुरळं आणि वासही येतो.

मिस्त्री_मिरज:
मग मूळ सापडलं. पाणी लवकर जावं म्हणून बरेच जण ती वाटी काढून टाकतात. वाटीची कड पाण्यात बुडालेली असते, त्यानेच वास आणि झुरळं अडतात, आणि केस वाटीभोवती वरच गोळा होतात. वाटी नसली की सगळं थेट आडव्या पाइपात. नहाणीचं आतलं माप घ्या, जुनी जाळी सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, बहुतेक मापांची वाटी सुटी मिळते. बसवल्यावर पाणी ओतून बघा, कड निदान बोटभर बुडाली पाहिजे. स्प्रिंग मात्र वाटी बसवायच्या आधी मारून घ्या. पुढे दर पंधरा दिवसांनी वाटी उचलून केस काढा, पाच मिनिटांचं काम आहे.