मिरामिशीतलं बोबेअर्स बेट: अर्धा दिवस पुरेल का?

प्रश्न: जुलैमध्ये मॉन्क्टनहून गाडीने कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या उत्तरेला जातोय. अकेडियन (इथे स्थायिक झालेले फ्रेंच) लोकांचा इतिहास आणि लाकडी जहाजबांधणी, दोन्हींसाठी मिरामिशी नदीतलं बोबेअर्स बेट पाहायचं आहे. सोबत सत्तरीतले आईवडील. बेटावर थेट गाडी जाते का?

उत्तर १: नाही, पूल नाही. नेल्सन भागातल्या माहिती केंद्रातून होडीने जावं लागतं, तेही फक्त उन्हाळ्यात. वेळा आदल्या दिवशी फोनवर पक्क्या करा, जोराचा वारा असेल तर फेरी रद्द होऊ शकते. बरेच जण चुकून मिडल आयलंडला पोचतात. ते खाली चॅथमच्या बाजूला आहे, तिथे गाडी जाते, पण तो इतिहास 1847 च्या आयरिश स्थलांतरितांच्या विलगीकरणाचा. मॅपवर नाव नीट वाचा.

उत्तर २: केंद्र आधी पाहा, बेट नंतर. जहाजबांधणीच्या काळातली इमारत बेटावर उभी नाही. काय शोधायचं ते ठाऊक नसेल तर नुसतं पाइनचं रान दिसतं. इथे आधी फ्रेझर आणि थॉम यांचा जहाजबांधणीचा कारखाना होता, मग 1830 च्या दशकात जोसेफ रसेलचा. काठाची जमीन पाण्याकडे एकसारखी उतरते ती जागा निरखा. अशाच उतारावर ठोकळे मांडून त्यांवर कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, बसवत. वर बरगड्या, मग फळ्या, आणि सांध्यांत जुन्या दोरखंडाचे तंतू ठोकून वर डांबर. जहाज पाण्यात गेलं की मागे फारसं काही उरत नाही. पुढे इथे वस्ती झाली नाही, म्हणूनच जमिनीखालचे अवशेष शाबूत आहेत. एक खिळाही उचलू नका, मेटल डिटेक्टरला तर सक्त मनाई आहे.

उत्तर ३: अकेडियन बाजू घाईत उरकू नका. 1755 मध्ये ब्रिटिशांनी अकेडियनांना हद्दपार केलं, त्यातून निसटलेल्या कुटुंबांना ब्वाएबेर या फ्रेंच अधिकाऱ्याने या परिसरात आणलं. 1756-57 च्या हिवाळ्यात उपासमारीने आणि रोगाने माणसं गेली, लहान मुलंही. त्या छावणीचं नाव होतं ‘आशेची छावणी’. बोबेअर्स हा ब्वाएबेरचाच इंग्रजी तोंडी झालेला अपभ्रंश. समोरच्या काठावरचं विल्सन्स पॉइंटही जरूर पाहा, तिथे गाडी जाते.

उत्तर ४: आईवडिलांसाठी: वाटा मातीच्या, मुळं वर आलेली. घट्ट तळाचे बंद बूट हवेत. डास भरपूर, गोचीडही असतात, म्हणून पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट. पिण्याचं पाणी सोबतच न्या. होडीत चढता-उतरता हात धरायला कुणी असेल का, हे बुकिंग करतानाच विचारा. बेट आणि विल्सन्स पॉइंट दोन्ही धरले तर अर्धा दिवस कमी पडेल, पूर्ण दिवस ठेवा.