सिलेक्टिव्ह सर्व्हिस: आपोआप नोंदणी की नोंदणीच बंद?

मंडळी, नमस्कार.

१४ जून २०२४ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने संरक्षण खात्याचं वार्षिक विधेयक २१७ विरुद्ध १९९ मतांनी संमत केलं. त्यातल्या एका कलमानुसार १८ ते २५ वयाच्या मुलांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (गरज पडल्यास सैन्यात सक्तीने बोलावता येईल अशा मुलांची यादी ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी यापुढे सरकारच परस्पर करणार होतं. तिकडे सिनेटच्या समितीने मसुद्यात मुलींनाही घेतलं होतं. आपल्या व्हॉट्सॲपवर लगेच ‘ड्राफ्ट परत येतोय’ सुरू झालं. येत नाहीये. ड्राफ्ट, म्हणजे सैन्यातली सक्तीची भरती, १९७३ मध्ये थांबली. ती परत आणायची तर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, वेगळा कायदा करावा लागेल.

माझं म्हणणं असं, की ही यादीच मोडीत काढा. अध्यक्ष फोर्ड यांनी १९७५ मध्ये ती बंद केलीच होती. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी पुन्हा चालू केली. तेव्हापासून त्या यादीतून एकाही मुलाला बोलावणं गेलेलं नाही. नोंदणी टाळली तर पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलर दंड, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात १९८६ नंतर कोणावर खटला नाही.

मग भोगतं कोण? आपली एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आलेली मुलं. व्हिसावर असेपर्यंत नोंदणी लागत नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडतं, घरी पेढे वाटले जातात, पण ३० दिवसांत नोंदणी करायची हे कोणी सांगत नाही. सव्वीस पूर्ण झाल्यावर करतो म्हटलं तरी करता येत नाही. मग नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘नोंदणी केली होती का’ हा प्रश्न आडवा येतो, केंद्र सरकारच्या नोकरीतही येतो. आणि ‘मुद्दाम टाळलं नाही, माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करत बसायचं आपण.

– सु.

---

सु., मुद्दा पटला. भर घालतो.

मी १९६८ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, अमेरिकेत आलो. नागरिक नव्हतो, पण ग्रीन कार्डवाल्यालाही ड्राफ्ट लागू होता, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. १ डिसेंबर १९६९ ला, कोणाला आधी बोलवायचं हे ठरवायला, जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. आमच्या खोलीतल्या चौघांनी रेडिओला कान लावले होते. माझी तारीख खूप मागे आली म्हणून आज तुम्हाला मेल लिहितोय. घरी पत्रात यातलं अक्षर लिहिलं नाही. आई धास्तावली असती.

यादी तयार असली की ती वापरायचा मोह होतो. बंद करा.

– काका

---

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

माझा मुलगा स्वतःहून आर्मीत गेला. लढाईवर जायचं ते ठरावीक घरांतल्या मुलांनी, आणि मतं द्यायची बाकीच्यांनी? कोरियात लढलेले खासदार चार्ल्स रँगल इराक युद्धाच्या तोंडावर, २००३ मध्ये, ड्राफ्ट परत आणायचं विधेयक घेऊन आले होते, ते याचसाठी. स्वतःचा मुलगा जाणार असेल तर खासदार दहादा विचार करेल. यादी राहू द्या, आणि मुलीही घ्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना वगळणं मान्य केलं, ते त्यांना प्रत्यक्ष लढाईत घेत नव्हते म्हणून. आता सगळ्या जागा खुल्या आहेत.

– वि. जो.

---

सेक्रेटरीकडून: ढोल-ताशा पथकाची नावनोंदणी कृपया या विषयाखाली करू नये. दोघांनी केली आहे.

---

वि. दादा, तुमच्या मुलाबद्दल अभिमानच आहे, आणि खासदारांबद्दल म्हणता ते खरं. पण या यादीने एका तरी खासदाराची झोप उडाली का? इराक झालं, अफगाणिस्तानात वीस वर्षं गेली, यादी होतीच की. शिवाय ती उपयोगाची तरी कुठे आहे? पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा नियम आहे. डॉर्म बदलणारं कुठलं पोर कळवतं? १९८० मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा या खात्याचे प्रमुख होते बर्नार्ड रॉस्टकर. तुम्ही म्हणता त्या १९८१ च्या खटल्याला त्यांचंच नाव आहे. त्यांनीच २०१९ मध्ये सरकारी आयोगापुढे सांगितलं, की ही माहिती निरुपयोगी आहे, गुंडाळा.

मुलींचं म्हणाल, तर निरुपयोगी कागद भावाला भरावा लागतो म्हणून बहिणीलाही भरायला लावायचा, ही समानता मला नको. २०२१ मध्ये सिनेटर वायडन आणि रँड पॉल, म्हणजे एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी मिळून ही नोंदणी रद्द करायचं विधेयक आणलं होतं. पुढे सरकलं नाही.

आपोआप नोंदणीने एच-४ चा प्रश्न सुटेल असं दोघांनी मला खासगीत लिहिलं. कदाचित काहींचा सुटेल. पण कोण कोणत्या दिवशी व्हिसावरून ग्रीन कार्डवर गेला, हे या खात्याला दुसऱ्या खात्यांकडून गोळा करावं लागेल. त्या खात्यांच्या नोंदी आपण सगळ्यांनी अनुभवल्या आहेत.

– सु.

---

सु. ताई, आम्ही पाच वर्षांपूर्वी पुण्याला परत आलो, तरी ही मेलिंग लिस्ट वाचतो. मुलगा जन्माने अमेरिकन, ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहायची मुभा) इथे कॉलेजात, ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. त्याला हे लागू नसावं ना?

– मे.

---

मे., लागू आहे. अमेरिकन नागरिक कुठेही राहत असला तरी. ऑनलाइन होतं, पाच मिनिटांचं काम आहे. वाढदिवसानंतर ३० दिवसांच्या आत करून टाक आणि पोच जपून ठेव. कायदा आहे तोवर भरायचाच. माझं भांडण काँग्रेसशी आहे, त्याच्या अर्जाशी नाही.

– सु.