मदत हवी आहे: नावाभोवतीची चौकट बसत नाही

गिरगावकर: दादरच्या एका छापखान्यासाठी नावपट्ट्यांचं सॉफ्टवेअर करतोय. नावाची रुंदी मोजून चौकट काढतो, तर उजवीकडे मोकळी जागा राहते. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

खारघर७: कशात लिहिताय? मोजताय कशाने?

गिरगावकर: सी शार्प भाषेत, विनफॉर्म्सवर (विंडोजच्या खिडक्या बनवायची सोय). नावाची रुंदी मेझरस्ट्रिंग या फंक्शनने मोजतो, अक्षरं टेक्स्टरेंडररने काढतो.

जुनाजाणता: मग जुळणार कसं? विंडोजमध्ये चित्र काढायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत: मेझरस्ट्रिंग जीडीआय प्लसचं, टेक्स्टरेंडरर जीडीआयचा. ज्याने काढता त्यानेच मोजा. टेक्स्टरेंडररचंच मेझरटेक्स्ट घ्या आणि मोजताना, काढताना दोन्हीकडे नोपॅडिंग (कडेची जास्तीची जागा नको, असा पर्याय) द्या.

माहीमची खाडी: छापायचंय म्हणतायत ना ते? प्रिंटरवर टेक्स्टरेंडरर नको. मेझरस्ट्रिंगच्या जोडीचं ड्रॉस्ट्रिंगच वापरा, आणि मोजताना-काढताना जेनेरिकटायपोग्राफिक हा पर्याय द्या, नाहीतर ते कडेला जास्तीची जागा धरतं.

जुनाजाणता: आधी पडद्यावर तर बसू दे. पडद्यावर माझाच उपाय बरोबर आहे.

वेबवाला: एवढा त्रास कशाला? एचटीएमएलमध्ये करा, ब्राउझर स्वतः मोजतो.

गिरगावकर: सगळं परत लिहायला वेळ नाही हो. 'पवार'ला मोकळी जागा कमी राहते, 'क्षीरसागर'ला खूपच.

खारघर७: थांबा, एकेक अक्षर मोजून बेरीज करताय का?

गिरगावकर: हो, अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करायची सोय हवी आहे त्यांना.

खारघर७: मग दुखणं तिथे आहे. प्रत्येक तुकड्याला कडेची जागा नव्याने मिळते. शिवाय 'क्षी' म्हणजे आत क, हलन्त, ष आणि वेलांटी. एकटी वेलांटी मोजायला दिली की ठिपक्यांच्या वर्तुळासकट येते. अख्खं नाव एकदम मोजा. आणि देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेखा तुटते, ते फार वाईट दिसतं. अंतर फक्त शब्दांमध्ये वाढवा, छापखान्याला हे नीट समजावून सांगा.

लालबाग: त्यांच्या जुन्या फाइली श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोड करून घ्या.

गिरगावकर: नावं मी स्वतःच टाइप करतोय. अख्खं नाव मोजलं, नोपॅडिंग दिलं, पडद्यावर चौकट बसली! कागदावर मात्र अजून थोडी सरकते.

माहीमची खाडी: मी तेच सांगत होते. पडद्यावरचं माप प्रिंटरला देऊ नका. छापताना प्रिंटपेज या इव्हेंटमध्ये प्रिंटरचा जो ग्राफिक्स (काढायचा पृष्ठभाग) मिळतो त्याच्यावरच पुन्हा मोजा, ड्रॉस्ट्रिंगने काढा. तुमचा पडदा १२५ टक्क्यांवर असेल तर तो १२० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), छापखान्यातला पडदा कदाचित ९६.

लालबाग: लग्नपत्रिकेसाठी मंगल फॉन्ट बरा की निर्मला?